धुरपताबाईची भुरी

हसनाबादच्या शाळेत हजेरी दोनदा व्हायची. पहिली हेडमास्तर घ्यायचे, उर्दू रकान्यांच्या जाड रजिस्टरात, नावं पुकारून. दुसरी धुरपताबाई घ्यायची, नुसत्या डोळ्यांनी. शाळा सुटली की ती दारापाशी उभी राहायची, पोरं तिच्यासमोरून बाहेर पडायची, आणि शेवटचं पोर गेलं की ती म्हणायची, "आज दोन कमी हायेत. कुंभाराचं लहानं, अन् ते फाटक्या टोपीवालं." तिला विसाच्या पुढं मोजता येत नसे. तरी तिच्या सांगण्यात आणि रजिस्टरात फरक पडला, तर हेडमास्तर मुकाट्यानं रजिस्टर दुरुस्त करत.

मी त्या शाळेत लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. घर जालन्याचं, वडील, आजोबा सगळे कचेरीत कागद लिहिणारे. राज्य निजामाचं होतं. सुट्टी शुक्रवारी असे आणि अर्ज उर्दूत करावे लागत. मास्तर आम्ही दोघंच, हेडमास्तर आणि मी. पाणी भरायला आणि झाडलोटीला धुरपताबाई.

ती जातीनं धनगर. चाळिशीची असेल. उंच, काटक, पायांच्या पोटऱ्या पुरुषासारख्या. खांद्यावर घोंगडीचा एक तुकडा उन्हाळ्यातसुद्धा असायचा आणि हातात लोकरीची टकळी. बसून सूत कातताना मी तिला कधी पाहिलं नाही. चालता चालता, बोलता बोलता, विहिरीवर आपला नंबर येईपर्यंत उभ्याउभ्या ती टकळी फिरत असायची. बोलणं कमी, आणि जे बोलायची ते समोरच्याला आवडेल की नाही याचा विचार न करता. माझा पहिला धडा तिनं खिडकीबाहेरून ऐकला. नंतर मी सहज विचारलं, "कसं शिकवलं, बाई?" ती म्हणाली, "म्होरल्या चार पोरांला शिकवलं. मागचे झोपले व्हते."

तिच्याबरोबर चालणं मला जमलं नाही, कारण ती बरोबर चालतच नसे. दोघं असोत की दहा, ती सगळ्यांच्या मागं. मी थांबलो की तीही थांबायची. एकदा आम्ही पोरांना घेऊन राजूरच्या गणपतीला गेलो होतो. परत येताना निम्म्या वाटेवर ती एकदम उभी राहिली. म्हणाली, "एक न्हाई." हेडमास्तरांनी मोजलं. त्यांच्या मोजणीत पोरं पुरी भरली. पुन्हा मोजलं, पुन्हा पुरी. वाटेत दुसऱ्या गावचं एक पोर आमच्यात मिसळलं होतं, म्हणून आकडा जुळत होता. धुरपताबाई तशीच उलटी फिरली आणि दिवस मावळायच्या आत आमच्या पोराला हाताला धरून घेऊन आली. ते रेवड्यांच्या दुकानामागं झोपलं होतं. पोराची आई तिच्या पाया पडायला आली, तर हिनं पाय मागं घेतले. "म्होरं चालणाऱ्याचं काय कवतिक," ती म्हणाली, "मागं कोन राह्यलं ते आधी पाहावं."

हे ती वरचेवर म्हणायची. मला ती धनगरांची म्हण वाटे.

भुरी तिच्याकडं कशी आली ते मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. एक मेंढरांचा कळप गावाबाहेरून गेला, आणि कळपवाल्यांनी त्या दिवशी जन्मलेलं एक कोकरू मरेल म्हणून बांधावर टाकून दिलं. धुरपताबाईनं ते उचललं, कापडाची वात शेळीच्या दुधात बुडवून पाजलं आणि रात्री पोटाशी घेऊन निजली. कोकरू जगलं. राखी रंगाचं होतं म्हणून भुरी. मी गेलो तेव्हा ती पुरती मेंढी झाली होती आणि शाळेत येत होती. धुरपताबाई झाडायला लागली की भुरी खराट्यामागं, विहिरीवर गेली की विहिरीवर. वर्ग चालू असताना ती उंबऱ्यात बसायची. पोरांना तिची सवय होती. नव्या मास्तराची व्हायला जरा वेळ लागला.

एकदा शाळा तपासायला वरचे साहेब आले. शेरवानी, तुर्की टोपी, सोबत दोन शिपाई. उंबऱ्यात मेंढी बघून ते थबकले.

"ये क्या है?"

हेडमास्तर टोपी सावरत पुढं झाले. धुरपताबाई घागर घेऊन येत होती. ती म्हणाली, "मेंढी हाय."

"स्कूल में क्यूं है?"

"मी हितं हाय म्हणून."

साहेबांनी हेडमास्तरांकडं पाहिलं. मग जरा वळसा घालून, शेरवानी आवरून ते आत गेले. शेऱ्याच्या वहीत त्यांनी भिंतीला चुना लावावा असं लिहिलं. मेंढीबद्दल काही लिहिलं नाही.

मी लागल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात भुरी गोल फिरू लागली. आधी वाटलं, खेळतेय. मग दिसलं की ती सरळ चालायला निघते आणि दोन पावलांत डावीकडं वळते. वळतच राहते. शाळेच्या पटांगणात तिच्या फिरण्याचं एक रिंगण पडलं. मान एका बाजूला कललेली. उजव्या डोळ्यासमोर बोट नेलं तरी पापणी हलत नसे. चारा तोंडाशी धरला तर खायची, स्वतःहून शोधता येईना.

गावातल्या लोकांनी सांगायचं ते सगळं सांगितलं. कुणी कान डागायला सांगितला. कुणी नजर लागली म्हणालं. धुरपताबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. तिला रोग माहीत होता. धनगराच्या घरात वाढलेल्या बाईला तो माहीत असणारच, हे मला नंतर कळलं. त्या वेळी तिनं मला एवढंच विचारलं, "मास्तर, जालन्याला जनावरांचा सरकारी दवाखाना हाय म्हनतेत. तिथला डाक्टर डोकं फोडून बघतो का?"

मी म्हणालो, विचारून बघू.

मी महिन्याकाठी घरी जात असे. त्या वेळी बैलगाडीत मी, धुरपताबाई आणि पोत्यावर आडवी केलेली भुरी असे तिघं गेलो. जालना यायला पुरता दिवस लागला. वाटभर तिनं भुरीचं डोकं मांडीवर धरलं होतं, गाडीचा धक्का लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टर मध्यम वयाचे, सभ्य होते. घोडे आणि बैल यांची रांग होती. त्यांनी आमची पाळी आल्यावर मेंढीला नीट पाहिलं, तिला चालवून पाहिलं, डोळ्यासमोर पेटता कंदील धरून पाहिलं.

"इसके सर में पानी की थैली है," ते मला म्हणाले. "बढती जाती, भेजे को दबाती. दवा से नहीं जाती. हड्डी काटके निकालना पडता."

"आप निकालते का?" मी विचारलं.

त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "किताब में पढा हूं, हात से कभी किया नहीं. जनावर को बेहोश करने की दवा हैदराबाद से मंगानी पडती. घोडे के वास्ते लोगां मंगाते. खर्चा मालिक का." त्यांनी खर्च सांगितला. धुरपताबाईच्या पाच महिन्यांच्या पगाराइतका होता.

मी तिला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "अन् जगंल का, विचारा."

डॉक्टरांनी खांदे उडवले. मग काहीतरी आठवून तिच्याकडं पाहून म्हणाले, "तुम तो धनगर दिखते, बाई. मैं सुना हूं, तुम्हारे लोगां ये काम खुद करते. चाकू से. पैसा भी नहीं लगता. तुम में कोई नहीं क्या?"

हे तिला भाषांतराशिवाय कळलं. भुरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि बाहेर पडली.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "बाई, तुमच्यात कुणी आहे का असं करणारं?"

"हाय एक."

"मग त्याच्याकडंच का नाही गेलो आपण?"

"त्याच्याकडं न्हाई जायचं," ती म्हणाली, आणि भुरीचं डोकं मांडीवर नीट घेतलं.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. भुरीचं फिरणं थांबलं, पण ते बरं लक्षण नव्हतं. ती आता भिंतीशी जाऊन भिंतीला डोकं लावून उभी राहायची. तासन्‌तास. सरळ केली तर पडायची. पोरांचे आवाज त्या पंधरा दिवसांत आपोआप खाली आले होते. हेडमास्तर मनानं चांगले, पण व्यवहारी. त्यांनी एकदा तिला बाजूला घेऊन सांगितलं की अंगावर मांस आहे तोवर खाटकाला दे, त्या जिवाचेही हाल थांबतील. धुरपताबाई म्हणाली, "बराबर हाय तुमचं." मग खराटा घेऊन पटांगण झाडू लागली. झाडलेलंच पटांगण तिनं त्या दिवशी पुन्हा तीनदा झाडलं.

एका गुरुवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती माझ्यापाशी आली. दोन्ही रांजण भरून ठेवले होते, त्यांच्यावर झाकणं घातली होती.

"मास्तर, उद्या सुट्टी हाय. केदारखेड्याला येता का माझ्यासंगं? धनगरांचा मुक्काम पडलाय नदीच्या काठाला. माहा थोरला दीर हाय त्याच्यात. सटवाजी. त्याला येतं ते काम."

"चला की," मी म्हणालो. "पण मी येऊन काय करू?"

"मी त्याच्याशी बोलत न्हाई. नऊ वर्सं झाली. माझ्या तोंडानं त्याचं नाव घ्यायचं न्हाई म्हनून देवापुढं भंडारा उचलला व्हता, ते आज तुमच्यापुढं मोडलं. पर बोलनार न्हाई. मला जे म्हनायचं ते मी तुमाला म्हनन. तुमी त्याला सांगा."

मला ते विचित्र वाटलं, पण तिच्या चेहऱ्याकडं बघून मी हो म्हणालो.

पहाटे भुरीला घेऊन भाड्याच्या गाडीनं निघालो, हाकायला गाडीवान होता. वाटेत, गाडी चढाला लागली तेव्हा, तिनं आपण होऊन सांगितलं. बैलांकडं बघत, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं. ती आणि तिचा नवरा, थोरला दीर आणि आणखी दोन घरं अशी चार बिऱ्हाडं मिळून मेंढरं घेऊन फिरत. एका वर्षी तिची आई आजारी म्हणून ती टेंभुर्णीला माहेरी राहिली. मेंढरं खाली परभणीच्या अंगाला गेली. तिथं नवऱ्याला ताप भरला. चालता येईना. चारा संपलेला. सटवाजीनं भावाला एका गावात अनोळखी माणसाच्या ओसरीवर ठेवलं आणि कळप पुढं नेला.

"मालक तिथंच गेले," ती म्हणाली. "जवळ आपलं मानूस न्हाई. मला महिन्यानं कळलं. मेंढरं म्होरं नेली, मानूस मागं ठेवला."

तिनं भुरीखालचं पोतं सारखं केलं.

"अन् आता मी एका मेंढरासाठी चाल्ले त्याच्या दारात," ती म्हणाली. "मला समजत न्हाई का मास्तर? समजतं."

सटवाजी धनगर साठीच्या पलीकडचा होता. पांढऱ्या मिशा, कानात बाळी, अंगावर काळी घोंगडी. आम्ही गेलो तेव्हा तो एका मेंढीचा खूर तासत होता. धुरपताबाईला त्यानं लांबूनच ओळखलं असावं, कारण त्याचा हात थांबला. ती गाडीमागं उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून.

मी माझं नाव-गाव सांगितलं. काम सांगितलं. तो ऐकत होता माझं, पण बघत होता जमिनीकडं.

"मास्तर, तिला इचारा, किती दिस झाले फिरायला लागून?"

मी वळलो. मी विचारायच्या आत ती म्हणाली, "सव्वा महिना. सांगा त्यांला."

मी त्याला सांगितलं, सव्वा महिना. आमच्या तिघांत दहा हातांचं अंतर होतं आणि प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू जात होता. तरी ते तसंच चाललं. तो मला विचारायचा, ती मला सांगायची, आणि मी ऐकलेलंच पुन्हा म्हणायचो. सटवाजीची सून चुलीपाशी बसून आमच्याकडं बघत होती.

"तिला सांगा," सटवाजी म्हणाला, "चार घरांची मेंढरं व्हती. तिथं राह्यलो असतो तर एक बी वाचलं नसतं. मी तिसऱ्या दिशी माघारी गेल्तो. तवर सरलं व्हतं."

धुरपताबाई म्हणाली, "मास्तर, त्यांला सांगा, मी मेंढीसाठी आल्ये. जुनं ऐकायला न्हाई."

हे मी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सटवाजी उठला, भुरीपाशी गेला आणि गुडघ्यावर बसला. दोन्ही कानांच्या मधून त्यानं अंगठा फिरवायला सुरुवात केली. हळूहळू, दाबत दाबत. डाव्या बाजूला एका ठिकाणी अंगठा थांबला. त्यानं तिथं दोनदा दाबलं.

"हितं हाय," तो म्हणाला. "हाड पातळ झालंय. ज्या अंगाला फिरती त्या अंगालाच पानी असतं. आजूक आठ दिस गेले असते तर आनायचं कामच नव्हतं."

त्यानं सुनेला पाणी तापवायला सांगितलं. लोकर कापायच्या कातरीनं तेवढीच जागा साफ केली. लहान पात्याचा चाकू जाळात धरला. मोराच्या पिसाची एक पोकळ नळी गरम पाण्यात टाकली. भुरीचे पाय बांधले होते, सून ते धरून बसली. डोकं धुरपताबाईनं धरलं. मी दोन पावलं मागं सरकलो. मला रक्त बघवत नसे.

मला दिसलं ते एवढं. कातड्याला त्यानं अर्ध्या चंद्रासारखी चीर दिली आणि ते पानासारखं उलटवलं. मग चाकूच्या टोकानं हाड कोरायला लागला. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की म्हाताऱ्याचा हात थरथरतोय. चाकू टेकलेला असेपर्यंत थरथरत नव्हता. उचलला की थरथरायचा. भुरी एकदाच ओरडली. नंतर नुसती धापा टाकत राहिली. हाडाचा नखाएवढा तुकडा निघाला, मग दुसरा, आणि त्या भोकातून काहीतरी पांढरं, ओलं, वर फुगून आलं.

सटवाजीनं चाकू खाली ठेवला. नळीनं थोडं पाणी ओढून काढलं. पुढं मात्र थांबला. आपल्या बोटांकडं बघितलं.

"मास्तर, तिला सांगा," तो म्हणाला, "आता ही थैली बोटांनी काढायची. अख्खी निघाली पाहिजे. आत फुटली तर मेंढी हितंच जाईल. माझ्या बोटांचा भरोसा न्हाई राह्यला. तिनं काढावी."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं डोकं सुनेकडं दिलं, राखेनं हात घासले, गरम पाण्यानं धुतले आणि भुरीसमोर बसली. सटवाजी तिच्या बाजूला बसला. हातभर अंतरावर.

"वढू नको," तो म्हणाला. हे तो मला म्हणत नव्हता. "वढायची न्हाई. तिची ती येती. मेंढी श्वास टाकती तवा जरा वर येती बघ. तवाच घ्यायची. श्वास घेती तवा थांबायचं."

धुरपताबाईची दोन बोटं त्या भोकाशी गेली.

"आता. थांब. आता घे. थांब. घाई न्हाई. आता." जरा वेळानं, "लागली का बोटाला?"

ती गप्प.

"धुरपते, लागली का?"

मी उभा होतो. मध्ये बोलणं माझं काम होतं, पण मला सांगण्यासारखं काही नव्हतं. नदीच्या पलीकडं कुणीतरी मोट हाकत होतं, तिचा करकर आवाज येत होता.

"लागली," धुरपताबाई म्हणाली.

"मंग धर. हलक्या हातानं. आता ती टाकंल श्वास. ... आली का?"

"येऊन राह्यली."

"सारी?"

"सारी. भाऊजी, सारी आली."

तिच्या तळहातावर ती थैली होती, लहान लिंबाएवढी, आत पाणी, आणि आतल्या बाजूला तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके. सटवाजीनं ती तिच्या हातातून घेतली आणि चुलीत टाकली. "कुत्र्यानं खाऊ नये," तो म्हणाला. मग कातडं परत झाकलं, हळद आणि तेलाची पट्टी घट्ट बांधली. "आजची रात हितं राहू दे. डोकं खाली ठिवू नको. उद्या उभी राह्यली तर राह्यली."

आम्ही राहिलो. सुनेनं भाकरी आणि दूध आणलं. मी जेवलो. धुरपताबाई म्हणाली, "मला नुसतं पानी दे बाई." पाणी प्याली आणि भुरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सटवाजी समोर बसला होता, खूर तासायचं राहिलेलं काम हातात घेऊन.

अंधार पडायच्या जरा आधी तिनं त्याला विचारलं. माझ्याकडं न बघता, सरळ.

"भाऊजी, शेवटाला त्यांनी पानी मागितलं व्हतं का?"

म्हाताऱ्यानं हातातलं काम खाली ठेवलं. मला वाटलं, तो आता हो म्हणेल. कुणीही म्हणालं असतं. मागितलं होतं, पाजलं, तुझं नाव घेतलं, असं काहीतरी. नऊ वर्षांत असं एखादं वाक्य तयार करायला त्याला पुष्कळ वेळ मिळाला होता.

"मी तिथं नव्हतो," तो म्हणाला. "मला ठावं न्हाई, धुरपते."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "आतापतोर ज्यानं त्यानं मला काही बी सांगितलं. कुनी म्हने राम म्हनत गेले, कुनी म्हने झोपेतच गेले. तिथं कुनी नव्हतं, अन् सगळ्यांला सगळं ठावं."

कुणी रडलं नाही. सून भांडी घासायला नदीवर गेली.

सकाळी भुरी उठली. पाय थरथरत होते. दोन पावलं टाकली, आम्ही सगळे डावीकडं बघत होतो, आणि ती सरळ गेली. सरळ जाऊन सटवाजीच्या घोंगडीची दशी तोंडात धरून चावू लागली. म्हातारा हसला. त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं. निघताना धुरपताबाईनं त्याच्या पायांना हात लावला नाही, पण गाडीत बसताना "येते" म्हणाली. धनगरांचा तळ सोडून गेलेली बाई, पुन्हा यायचं नसेल तर, हा शब्द म्हणत नाही, असं गाडीवानानं मला नंतर सांगितलं.

भुरी पुढं चार वर्षं जगली. उजवा डोळा गेला तो गेलाच, पण तिला तीन कोकरं झाली आणि ती तिन्ही शाळेच्या उंबऱ्यात वाढली. हेडमास्तरांनी खाटकाचं नाव पुन्हा काढलं नाही. मेंढरं हसनाबादच्या बाजूनं जायला लागली की सटवाजी एकदा शाळेच्या फाटकापाशी येऊन बसायचा. आत येत नसे. धुरपताबाई त्याला तांब्याभर पाणी नेऊन द्यायची आणि दोघं जनावरांबद्दल बोलायची. कुठं कोणता चारा आहे, कोणत्या कळपात काय रोग पडलाय. नवऱ्याचा विषय मी त्यांच्या तोंडी पुन्हा ऐकला नाही. त्यांचं मिटलं असं मी म्हणणार नाही. ती त्याच्या घरी जेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण बोलायला त्यांना तिसरा माणूस लागत नसे.

मग माझी बदली टेंभुर्णीला झाली. निरोप घ्यायला गेलो तर ती विहिरीवर होती. "जावा," म्हणाली, "पर मागच्या पोरांकडं बघून शिकवत जावा." एवढंच.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. राज्य बदलायच्या आधीचं वर्ष असावं. दिवस गडबडीचे होते, लोक कामापुरतेच घराबाहेर पडत. मी जालन्याहून सर्विस मोटारीनं येत होतो. हसनाबादला मोटार पाणी घ्यायला थांबली. ड्रायव्हर म्हणाला, पंधरा मिनिटं. मी पिशवी घेऊन शाळेपर्यंत चालत गेलो. शाळा बंद होती. पटांगणातल्या लिंबाखाली धुरपताबाई बसली होती. बसलेली, आणि हातात टकळी नव्हती. केस पुरते पांढरे झाले होते. तिच्यासमोर पाय बांधलेली एक शेळी, आणि शेळीजवळ एक म्हातारा शेतकरी, तोंडावर उपरणं धरून. बाजूला जाळ, गरम पाण्याचं भांडं, कातर. डोक्यावरची जागा साफ करून झाली होती.

तिनं वर पाहिलं. ओळखलं. पण उठली नाही.

"मास्तर व्हय? बरं आलात. ह्या बाबाच्यानं धरवत न्हाई. त्याच्या नातीची शेळी हाय, त्याला रडूच फुटून राह्यलं. वेळ हाय का तुमाला?"

मी म्हणालो, मोटार थांबली आहे.

"मंग जावा," ती म्हणाली, आणि जाळातला चाकू फिरवून घेतला.

मी पिशवी खाली ठेवली. कोट काढून पिशवीवर ठेवला आणि शेळीच्या डोक्याशी बसलो. तिनं माझे हात धरून नीट लावून दिले, एक जबड्याखाली, एक मानेवर. तिची बोटं थंड आणि कोरडी होती, आणि अजिबात कापत नव्हती. रस्त्यावरून ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा. धुरपताबाई पुढं वाकली. माझ्या तोंडासमोर तिचा पांढरा भांग होता, आणि त्याच्या पलीकडं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

"हलू देऊ नका," ती म्हणाली.

मी हलू दिलं नाही.